दुपारची पाळी

आमच्या बिनतारी क्लबच्या आढाव्याला आढावा म्हणणं जरा जास्तच होतं. वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, देशभरातले आमच्यासारखे हौशी रेडिओवाले आपापली यंत्रं उचलून उघड्यावर जाऊन बसतात. खांबावरची वीज घ्यायची नाही, पक्क्या घरात बसायचं नाही. बॅटरीवर यंत्र चालवायचं, बांबूला तार बांधून अँटेना उभी करायची आणि शनिवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंत जितक्या ठिकाणांशी बोलता येईल तितक्यांशी बोलायचं. उद्या पूर आला, मोबाइलचे टॉवर पडले, तर निरोप कसे पोचवायचे याची ती रंगीत तालीम. पुढे कधीतरी निकाल लागतो. मग आम्ही वाशीमला जमतो, कच्चा चिवडा खातो, चहा पितो, तंबू उडाला होता ती गोष्ट पुन्हा एकदा सांगतो, आणि पुढच्या वर्षी जोर लावू असं म्हणून घरी जातो. झाला आढावा.

मागच्या वर्षीचा निकाल मात्र गिळवला नाही. यादीत आमचं नाव खालून शोधायला सोपं होतं. आणि गंमत म्हणजे संपर्क कमी नव्हते. उलट एवढे संपर्क आम्ही कधीच केले नव्हते. पण त्यातले पुष्कळसे बाद झाले होते. प्रत्येक रेडिओवाल्याला सरकारकडून अक्षरं-आकड्यांची एक खूण मिळते, तिला कॉलसाइन म्हणतात. हवेत तेच तुमचं नाव. दोघांनी एकमेकांचं नाव बरोबर लिहून घेतलं तरच गुण. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की संपर्क गेला.

क्लबच्या अध्यक्षांचं वाशीमजवळच्या मालेगावला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यांनी मला फोन केला. "तुले आकड्याचं समजते. तूच पाय कुठं पानी मुरलं ते. अन मीटिंगमंदी नीट सांग सगळ्याईले. उगी गोड गोड नको."

मी वाशीमला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आकडे हाताशी असले की मला बरं वाटतं. अध्यक्षांनी हे काम मला सांगितलं याचा मला आनंद झाला होता, ही गोष्ट नंतर कितीतरी वेळा आठवली.

पाणी कुठं मुरलं होतं ते खरं तर मला फोन ठेवतानाच माहीत होतं.

मला रेडिओचा नाद लावला तो काकांनी. काका म्हणजे सख्खे नव्हेत. ते पोलीस खात्यात बिनतारी यंत्रावर होते आणि निवृत्त होऊन मानोरा तालुक्यात इंझोरीला आपल्या गावी येऊन राहिले होते. एकदा आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिक दाखवायला आले. पोरं थोडा वेळ पाहून पांगली, आणि मी नवीनच लागलेली मास्तरीण, तासाला जायचं विसरून त्यांच्या पेटीपुढे बसून राहिले. खरखर, शिट्ट्या, मध्येच कुणीतरी बुडत्या आवाजात बोलतंय. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. काका डोळे मिटून होते. मग म्हणाले, "केरळातला आहे. मास्तर असंन, लय समजावून सांगून राह्यला." आणि खरंच तो मास्तर निघाला.

परीक्षेचा अभ्यास त्यांनी घेतला, लायसन्स त्यांच्यामुळे निघालं. पहिल्यांदा माइक हातात घेतला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. काका म्हणाले, "बोलनं कोनालेबी येते, पोरी. तू आयकाले शिक. समोरचा धा वेळा सांगंन, पन लिवाचं बराबर." त्यांच्या घरी पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्याखाली टेबलावर रेडिओ. काकू रेडिओवरची धूळ पुसते पण बटणांना हात लावत नाही. जिल्ह्यात आज जे काही पंधरा-वीस लायसन्सवाले आहेत, त्यातल्या बहुतेकांनी त्या टेबलापाशी बसून चहा घेतलेला आहे.

गेल्या वर्षीचा आमचा मुक्काम किन्हीराजाच्या पुढे एका टेकाडावर होता. खाली तुरीची कापणी झालेली वावरं, वर मोकळा माळ आणि पळसाची झाडं. सकाळपासून बांबू रोवणं, तारा ताणणं, गाडीतल्या बॅटऱ्या उतरवणं चालू होतं. एकीकडे गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते. काका पांढरा सदरा घालून, डोक्याला रुमाल बांधून सगळ्यांच्या कामात खोट काढत फिरत होते. त्यांच्या आवाजानंच आम्ही सुरुवात करायची, ही क्लबची रीत. शनिवारची पहिली पाळी, म्हणजे दुपारची, कायम त्यांची. त्या वेळी हवेत सगळ्यात जास्त गर्दी असते.

यंत्रावर ते आणि शेजारी लॅपटॉपवर लिहून घ्यायला मी. दोघांच्या कानांवर हेडफोन, दोघांना एकच आवाज.

सुरुवात झकास झाली. काकांचा आवाज अजून तसाच खणखणीत होता. एकामागून एक माणसं सापडत होती. मग कुणीतरी एक घाईचा गडी आला. नेहमी अक्षरासाठी अख्खा शब्द म्हणायचा असतो, म्हणजे घोटाळा होत नाही. या गड्यानं नुसतीच अक्षरं म्हटली. शेवटचं अक्षर 'एस' होतं. मला स्वच्छ ऐकू आलं. काकांनी त्याला परत म्हणून दाखवलं ते 'एफ'. तो गडी घाईत 'हो हो' म्हणून निघून गेला.

मी त्यांच्या कोपराला हात लावला. "काका, एस होता वाटते."

काकांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "काय?"

"एस होता. एफ नाई."

"आता तू मले शिकवू राह्यली का, पोरी?"

हसतच म्हणाले ते. पण तंबूत आणखी चार माणसं होती, तीही हसली. अध्यक्ष म्हणाले, "काका, मास्तरीन आहे थे, पेपर तपासल्याशिवाय झोप येत नाही तिले." पुन्हा हशा. काकाही हसले, पण मी पाहिलं, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी हेडफोन नीट बसवला आणि आवाजाचं बटण आणखी वर नेलं. तेव्हा माझ्या कानात इतकं कडकड वाजलं की मला माझा हेडफोन थोडा दूर धरावा लागला.

मग तसंच चालू राहिलं, गर्दीत बरेच जण नुसती अक्षरंच म्हणत होते. सगळेच चुकत नव्हते. बहुतेक बरोबरच होते. पण 'फाइव्ह'चं 'नाइन' व्हायचं. 'एस'चं 'एफ', 'एफ'चं 'एस'. समोरच्यानं परत परत सांगूनही काकांच्या तोंडून तेच यायचं, आणि समोरचा थकून 'ठीक आहे' म्हणायचा. मला खरं काय ते ऐकू येत होतं. आणि मी काका म्हणतील ते टाइप करत होते.

का केलं तसं? स्वतःला मी तेव्हा सांगितलं की यंत्रावर बसलेला माणूस म्हणेल तेच लिहायचं असतं. सांगितलं की मलाच कमी ऐकू येत असेल, काकांचा कान तो काकांचा कान. मी गुपचूप बरोबर अक्षर टाकलं असतं तरी चाललं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण तो त्यांचा अपमान वाटला. खरी गोष्ट अशी की मला ते ओळखायचंच नव्हतं. ज्या माणसानं मला ऐकायला शिकवलं त्याला ऐकू येत नाहीये, हे अक्षराअक्षरानं माझ्या समोर उघड होत होतं आणि मी ते खाली मान घालून टाइप करत होते.

पाळी संपली तेव्हा आकडा पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका पाणी प्याले आणि म्हणाले, "हे पाय, म्हाताऱ्यात दम आहे अजून." मीही टाळ्या वाजवल्या.

निकाल लागल्यावर आढाव्यासाठी मी पाळीवार तक्ता केला. कुठल्या पाळीत किती टक्के संपर्क बाद झाले त्याचे रंगीत खांब. कुणाचं नाव टाकायचं नाही असं ठरवलं आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली. बाकीच्या पाळ्यांचे खांब बुटके होते, दुपारच्या पाळीचा खांब एकटाच उंच, आणि मी त्याला लाल रंग दिला होता. का दिला कोण जाणे. कॉलेजात चुकलेल्या उत्तराला देते तसा हाताच्या सवयीनं दिला असेल.

मीटिंग वाशीमला एका सभासदाच्या क्लासच्या खोलीत होती. काका इंझोरीहून एसटीनं आले होते. बाकावर पुढेच बसले. मी भिंतीवर तक्ता दाखवला आणि कॉलेजात बोलते तशी बोलले. दुपारच्या पाळीत अक्षरं चुकण्याचं प्रमाण जास्त दिसतं, ती आपली सर्वांत गर्दीची वेळ असल्यामुळे नुकसान मोठं झालं, पुढच्या वर्षी त्या वेळी पाळीची रचना बदलायचा विचार व्हावा. 'पाळीची रचना'. मला अजून हे शब्द आठवले की अंगावर काटा येतो.

दुपारची पाळी कुणाची ते सांगायची गरजच नव्हती. सगळे चिवड्याच्या बशीत पाहत होते. काका तेवढे माझ्याकडे पाहून मान डोलवत होते, कौतुकानं. मग ते शेजारी बसलेल्या अध्यक्षांकडे वाकले आणि बारीक आवाजात बोलतोय असं समजून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय म्हंते पोरगी?"

अध्यक्षांनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

"आं?"

अध्यक्षांनी पुन्हा सांगितलं. काकांनी कानामागे हात धरला. शेवटी अध्यक्ष, बिचारे, घामाघूम होऊन मोठ्यानं म्हणाले, "तुमच्या पाळीत लय चुका झाल्या म्हंते थे! आयकू बराबर आलं नाही म्हंते!"

मी 'ऐकू आलं नाही' असं म्हटलं नव्हतं. पण मला जे म्हणायचं होतं ते तेच होतं.

काकांनी भिंतीवरच्या लाल खांबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अस्सं. बरं झालं सांगतलं." चहा आला, तो त्यांनी घेतला. चिवडाही संपवला. मानोऱ्याची गाडी सुटंन म्हणून उठले, चपला घातल्या, सगळ्यांना हात जोडले. मलाही जोडले.

आमची सकाळची भेट हवेत होते. सातच्या सुमारास जिल्ह्यातले आम्ही आपापल्या घरून हजेरी लावतो, हवापाणी सांगतो, थट्टामस्करी करतो. पहिला आवाज काकांचा असायचा. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. कुणीतरी विचारलं, "काका दिसून नाई राह्यले?" मी माइकचं बटण दाबून 'मी फोन करून पाहते' म्हणाले आणि फोन केला नाही. उद्या करू, रविवारी करू. प्रत्यक्ष जाऊनच भेटू, फोनवर बरं दिसत नाही. असे दिवस गेले. तेवढ्यात परीक्षा आल्या, पेपर आले, आणि मला कामाचा किती आधार वाटला म्हणून सांगू.

शेवटी फोन आला तो काकूचा. "काहून व, तू आली नाही लय दिवसाची? आमच्या यायनं तार खाली काढली. बांबू गोठ्याले लावून देला. काय झालं काई सांगत नाही. म्हंते, मोतीबिंदू झाला."

"मोतीबिंदू?"

"होय ना. आता मोतीबिंदूचा अन रेडिओचा काय संबंद, तूच सांग."

मी दुसऱ्या दिवशी स्कूटीनं निघाले. इंझोरीला पोचले तेव्हा काका वावरात गेले होते. काकूनं पाणी दिलं, समोर बसली. मी तिला सगळं सांगितलं, तंबूतलं आणि भिंतीवरचंही. ती ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तुले तवाच समजलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मले दोन वर्सापासून माईत आहे," काकू म्हणाली. "दारावर मानूस हाका मारते, हे बसून राह्यते. मी जवळ जाऊन बोलतो मंग. समोरून बोलली का ओठाईवरून समजते त्याईले. म्या कोनालेच नाई सांगतलं. पोराले सांगतलं तं थो दवाखान्यात नेईन, अन मंग हे रेडिओले हात नाई लावन. इतकंच तं आहे त्याईच्यापाशी." तिनं बोटाचा पदर सोडवला. "म्या सांगतलं असतं तं तुह्यावर हे पाळी नसती आली."

तिनं माझा वाटा उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा मला जास्तच लाजल्यासारखं झालं. काकू दोन वर्षं एका माणसाला सांभाळत होती. मी फक्त एका हशाला भ्याले होते.

काका आले. मला पाहून दारातच थांबले. "या मॅडम," म्हणाले. "कवा आल्या?"

पोरी नाही. मॅडम. मी खुर्चीवरून उठले होते ती तशीच उभी राहिले.

त्यांनी हातपाय धुतले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि माझ्या समोर, अगदी समोर, खुर्ची ओढून बसले. रेडिओवर काकूनं एक फडकं घालून ठेवलं होतं. मी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागले. "काका, मीटिंगमधे मी तसं—"

"मीटिंगचं सोडा," ते म्हणाले. "मीटिंगमंदी तुमी बराबर सांगतलं. आढावा आहे म्हटल्यावर सांगाच लागते. मले येक सांगा. तंबूत तुमी माह्या बाजूले बसल्या होत्या. तुमाले आयकू येत होतं?"

"येत होतं."

"अन मी चुकून राह्यलो थे समजत होतं?"

"समजत होतं."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"एकदा सांगितलं होतं, काका."

"येकदा! अन मंग?"

"तुमाले वाईट वाटलं असतं म्हणून."

"अन भिंतीवर पायल्यावर वाईट नाई वाटनार, असं वाटलं का?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. काका रागावले नव्हते. रागावले असते तर सोपं होतं. ते एखादं बिघडलेलं यंत्र उघडून पाहावं तसे माझ्याकडे पाहत होते.

"थो मानूस तिकडं त्याच्या टेकडीवर बसला होता," ते म्हणाले. "उनात. माह्यासाठी त्यानं चार चार वेळा नाव सांगतलं. बराबर सांगतलं. अन आपन त्याचं नाव चुकीचं लिवलं. आपले गुन गेले त्याचं काई नाही. त्याचेबी गेले. त्याचा काय कसूर होता? मी असतो तुमच्या जागी, तं थोबाडीत देली असती यंत्रावरल्याले, अन बराबर लिवलं असतं."

'आपन लिवलं' म्हणाले ते. मला वाचवायला नाही, तशीच त्यांची समजूत होती. पण त्या 'आपण'मध्ये माझी बोटं होती, आणि ती आजवर कुणीच मोजली नव्हती. मीटिंगनंतर अध्यक्ष मला म्हणाले होते, 'तू तं नुसतं टाइप केलं.' मी ते खुशाल मान्य केलं होतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर काकांनी काकूला हाक मारून चहा टाकायला सांगितलं आणि हरभऱ्यावर अळी पडली होती त्याचं बोलू लागले.

पुढे मीच त्यांना अकोल्याला कान तपासायला घेऊन गेले. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला, त्याला सवड नव्हती, निदान मी तसं म्हटलं. काचेच्या खोलीत काकांना बसवून कानात वेगवेगळे सूर सोडले. सूर ऐकू आला की बोट वर करायचं. जाड सुरांना बोट पटापट वर जात होतं. सूर बारीक होत गेले तसं बोट मांडीवर पडून राहिलं. मी काचेबाहेरून पाहत होते. त्यांचा चेहरा तंबूतल्यासारखाच होता, कान देऊन ऐकणारा, पूर्ण विश्वासाचा. बारीक सूर चालू असतानाही ते वाट पाहत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक आवाजांचं नुकसान आहे, म्हणून 'स', 'फ', 'थ' असली अक्षरं हरवतात. वयानं होतं, आणि जन्मभर हेडफोन लावून बसल्यानंही होतं. कानात घालायचं यंत्र मिळालं. काकूसाठी ते चांगलं झालं. ती आता स्वयंपाकघरातून बोलते आणि उत्तर येतं. रेडिओवर मात्र ते यंत्र चालेना. "साऱ्या गावचे भांडे येकदम आपटल्यावानी होते," काका म्हणाले आणि रेडिओपुढे बसताना ते काढून ठेवू लागले. मोर्स, म्हणजे टकटकीनं अक्षरं पाठवायची लिपी, चालतं, कारण त्या कट्ट-कडाचा सूर हवा तितका जाड करता येतो. तार पुन्हा वर चढली. सकाळच्या भेटीला ते येत नाहीत. कधी कधी पहाटे कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्टीवर त्यांची सावकाश टकटक ऐकू येते. कुणा लांबच्या माणसाशी बोलत असतात. मी ऐकते, मध्ये पडत नाही.

या वर्षीच्या मुक्कामाला ते यावेत म्हणून अध्यक्ष स्वतः इंझोरीला गेले. काका आले, काकूलाही घेऊन आले. दुपारची पाळी आता मालेगावच्या एका पोराकडे आहे. काकांसाठी मोर्सचा वेगळा तंबू टाकला आणि मी न विचारताच त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसले. या खेपेला मी ठरवलंच होतं. जरा शंका आली की त्यांच्या हाताला हात लावायचा. एकदा लावला, त्यांनी समोरच्याला पुन्हा विचारलं, दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा. मग असं झालं की मला प्रत्येकच अक्षराची शंका येऊ लागली. मी त्यांना धड ऐकूच देईना. शेवटी त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, आता मले आयकू येऊन राह्यलं, पन तुमी आयकू देत नाही."

ते उठून काकूपाशी जाऊन बसले, तिनं दिलेला रोडगा खाल्ला, ऊन खात राहिले. मी तंबूत एकटीच बसले होते. मला वाटलं आता येत नाहीत. आले. बसले. "चला," म्हणाले. मी हात मांडीवर ठेवले. त्या पाळीत थोड्याच गावांशी बोलणं झालं, सावकाश सावकाश.

आढावा यंदा करायला मी नाही म्हणून सांगितलं. अध्यक्षांनीच केला. म्हणजे चिवडा आला, चहा आला, आपण वर सरकलो असं ते म्हणाले, सगळ्यांचे आभार मानले. तंबूची गोष्ट निघाली. लोक उठायच्या बेतात होते.

काका कानातलं यंत्र बोटानं नीट करत म्हणाले, "कोनत्या पाळीत किती बाद झाले थे काहून नाई सांगतलं?"

"जाऊ द्या ना, काका," अध्यक्ष म्हणाले. "सगळे बरे झाले."

"जाऊ कायले द्याचं? मागच्या वर्सी सांगतलं ना? मंग यंदा काहून नाही? मी म्हातारा आहो म्हनून?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्याकडे तक्ता नव्हता. पण निकाल मी घरी चार वेळा वाचला होता, पाठ होता. मी जागेवरच उभी राहिले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मोर्सच्या तंबूतले तीन बाद झाले. त्यातले दोन काकांचे. एक त्यांनी बरोबर घेतला होता, मीच हात लावून बदलायला लावला. आणि मागच्या वर्षी दुपारच्या पाळीत जे बाद झाले ते टाइप मी केले होते, आणि मला त्या वेळी बरोबर ऐकू येत होतं.

कुणीतरी 'अरे, हे आता कायले' असं पुटपुटलं. अध्यक्षांनी चहाच्या कपात पाहिलं. काकांनी मान डोलवली.

"थो येक कोनता होता?" त्यांनी विचारलं. "मी बराबर घेतलेला?"

मी सांगितलं. शिलाँगचा होता.

"हं," ते म्हणाले. "मले वाटलंच होतं." आणि चिवड्यातला शेंगदाणा शोधू लागले.

संध्याकाळी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. मानोऱ्याची गाडी उभीच होती, इंजिन चालू. काका चढले, खिडकीपाशी बसले, काच सरकवली. मी खाली उभी होते. म्हणायचं ते आज म्हणून टाकू असं वाटलं. "काका, माफ करा मले," मी म्हणाले. पण हळूच म्हणाले. इंजिनच्या आवाजात ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

ते खिडकीतून वाकले, कानामागे हात धरला. "काय म्हटलं?"

आजूबाजूला माणसं होती. कंडक्टर दार लावत होता.

"पोचल्यावर फोन करा म्हटलं!" मी ओरडले.

"बरं!" ते ओरडले. गाडी हलली.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी काकूचा आला. माझ्या वाशीमच्या गच्चीवर वड्या वाळवता येतील का, म्हणून विचारत होती. त्यांच्याकडे माकडं फार झाली आहेत म्हणे.